‘एआय’ की कॉम्प्युटर? आधी नकाशाच्या दोन खिडक्या उघडून बघा

बारावीचा निकाल लागला की कवठे महांकाळच्या घराघरांत हाच घोळ सुरू होतो. शाखेच्या नावावर एवढं डोकं शिणवू नका. पोराला या कामाची गोडी आहे का, हे घरच्या साध्या कॉम्प्युटरवरही कळतं.

क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. गॅरी शर्मन यांनी ते 2002 साली सुरू केलं. त्यात आपल्या तालुक्याची दोन उपग्रहचित्रं शेजारी-शेजारी लावा. म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी येण्याआधीचं, 1990 च्या सुमाराचं लँडसॅटचं एक आणि अलीकडचं सेंटिनेल-2 चं दुसरं. दोन्ही विनामूल्य आहेत. मात्र दोन्ही फेब्रुवारीतली घ्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेली द्राक्षबाग वरून उजाड रानासारखी दिसते. हे शहरातल्या इंजिनिअरला सांगावं लागतं, आपल्या पोरांना नाही.

आता एका खिडकीत अग्रणी नदीवर झूम केलं की दुसरीनेही तिथेच जायला हवं. क्यूजीआयएसमध्ये त्याची तयार सोय आहे, पण ती न वापरता स्वतः करून बघण्यात खरी मजा. खिडकीतलं दृश्य सरकलं की सॉफ्टवेअर आतल्या आत वर्दी देतं. ‘एक्स्टेंट्सचेंज्ड’ असं त्या सिग्नलचं नाव. त्याला पायथनच्या चार ओळी जोडल्या की दुसरी खिडकी हलते. पण हललेली दुसरी खिडकीही वर्दी देते, मग पहिली पुन्हा हलते. खिडक्यांचे आकार वेगळे असले तर दोघी एकमेकींना ढकलतच राहू शकतात. उपाय सोपा आहे: ‘हिला आत्ता मीच हलवतोय, हिची वर्दी ऐकू नको’ अशी खूण प्रोग्रॅममध्ये ठेवायची. ती खूण स्वतःहून सुचलेल्या मुलाची काळजी करू नका.

पुढची अडचण मापाची. लँडसॅटचा एक ठिपका 30 मीटरचा, सेंटिनेलचा 10 मीटरचा. ठिपके मोजून जुळवलं तर भलतंच गाव समोर येतं. जुळवायचं ते अक्षांश-रेखांशावर. सीटी स्कॅनचंही तसंच. जुना स्कॅन 5 मिलिमीटरच्या कापांचा आणि नवा 1 मिलिमीटरचा असेल, तर विसाव्या कापाशेजारी विसावा काप लावणं डॉक्टरांची फसवणूक ठरेल. तिथे शरीरातली जागा मिलिमीटरमध्ये वाचावी लागते. नकाशे आणि वैद्यकीय प्रतिमा, दोन्हीकडे हेच काम पगार देऊन करून घेतात.

या कामाकडे जाणाऱ्या वाटा नेहमीच्याच. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. किंवा बारावी विज्ञान, एमएचटी-सीईटी आणि इंजिनिअरिंग. बीसीए करून एमसीए हीही वाट वाईट नाही, फक्त 2024 पासून बीसीएलाही सीईटी आहे, तिचा फॉर्म चुकवू नका. आठवीपासूनचं गणित कच्चं असेल तर आधी ते पक्कं करा. क्लासची जाहिरात हे सांगणार नाही.

प्रवेशाआधी कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारतीपेक्षा शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि त्यांना एवढंच विचारा: प्रोजेक्ट तुम्ही करता, की विकत आणता?