दवबिंदू : घरातील संवर्धन व शीतरक्षण

वनौषधिग्रंथांत 'मुखजली' या नावाने नोंदलेली व सुवर्णभस्माच्या निर्मितीत वापरली जात असल्याचे सांगितलेली ड्रॉसेरा पेल्टाटा ही कीटकभक्षी वनस्पती आपल्यापैकी फार थोड्यांनी जिवंत पाहिली असेल. वाळलेल्या चूर्णावरून तिची ओळख पटविणे नुसत्या डोळ्यांना अशक्य आहे. म्हणून आम्ही मनोरी येथे या कुळातील वनस्पती कुंडीत वाढविण्याचा प्रयत्न केला. त्याचा अनुभव वैद्यमित्रांसमोर ठेवीत आहोत.

परिचय : भारतात या कुळातील तीन जाती प्रामुख्याने ज्ञात आहेत. पेल्टाटा ही कंदयुक्त जाती हिमालयात व दक्षिणेतील उंच डोंगरांवर वाढते. गवती दवबिंदू (ड्रॉसेरा इंडिका) कासच्या पठारावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलतो. ड्रॉसेरा बर्मानी जमिनीलगत लहान चक्राकार पाने पसरते. तिचे केस काही सेकंदांत कीटकाकडे वळतात. पानांवरील चिकट थेंब म्हणजे दव नव्हे, तर कीटक पकडणारा स्राव होय. चित्रकमुळातील प्लंबॅजिन हे तीक्ष्ण द्रव्य या कुळातील काही जातींतही आढळते. तेव्हा सेवनाचे प्रयोग कोणीही करू नयेत.

आमची चूक : पश्चिम ऑस्ट्रेलियातील अनेक कंदयुक्त जाती हिवाळी पावसात वाढतात व उन्हाळ्यात कंदरूपाने विश्रांती घेतात. युरोपात त्या जोपासणारे त्यांना गोठणाऱ्या थंडीपासून जपतात. तीच सूचना प्रमाण मानून पहिल्या शिशिरात आम्ही बर्मानीच्या कुंड्या बंद खोलीत प्लॅस्टिकखाली झाकल्या. दोन आठवड्यांत पानांवरील थेंब नाहीसे झाले आणि बुरशी आली. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदले गेलेले नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस (२२ जानेवारी १९६२) आहे. मनोरीसारख्या किनाऱ्यावर पाणी गोठण्याचा प्रश्नच येत नाही. रुग्णाच्या चिकित्सेत देश-काल पाहणारे आम्ही वनस्पतीच्या बाबतीत मात्र ते विसरलो. आनूप देशात तिला ऊब नव्हे, प्रकाश व खेळती हवा हवी होती.

संवर्धनविधी :
१) माध्यम – पीट व स्वच्छ धुतलेली गारगोटीची वाळू समभाग. किनाऱ्यावरील वाळू वापरू नये; तीत मीठ व शिंपल्यांचा चुना असतो. खत मुळीच घालू नये.
२) जल – साठविलेले पावसाचे पाणी. विहिरीचे वा कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी मुळांना घातक ठरते. कुंडी एक-दोन सेंटिमीटर पाणी असलेल्या बशीत ठेवावी.
३) प्रकाश – पूर्वेकडील खिडकीतील सकाळचे ऊन. ते न मिळाल्यास एलईडी दिवा बारा तास.
४) बीज – बारीक बी पृष्ठभागावर पसरावे, मातीने झाकू नये. इंडिका बी धरून वाळते. तो रोग नसून तिचा जीवनक्रमच आहे. पेल्टाटाचा वरचा भाग वाळल्यास पाणी कमी करावे. कुंडी टाकून देऊ नये, कंद जिवंत असतो.

शीतरक्षण : महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठते, निफाडला पारा फार खाली जातो. तेथील वैद्यांनी तापमान दहा अंशांखाली जाण्याचा संभव असताना कुंडी रात्री घरात घ्यावी व पाणी सायंकाळऐवजी सकाळी द्यावे. काचेचे झाकण घातल्यास हवेसाठी फट ठेवावी व दिवसा ते काढावे. शेगडी वा हीटरजवळ कुंडी ठेवू नये. कोरड्या उष्णतेने थेंब आटतात.

निष्कर्ष : थंडी, क्षार व कोंडलेली हवा यांपैकी आपल्या गावी कोणता शत्रू बलवान आहे, हे आधी ठरवावे. सड्यावरून वा पठारावरून एकही रोप उपटू नये. बी धरण्यापूर्वी उपटलेले रोप म्हणजे पुढील वर्षीची रिकामी जागा. संवर्धित बियांपासून वाढविलेली एक कुंडी चिकित्सालयात असली, तरी नव्या वैद्यांना ही वनस्पती जिवंत पाहून ओळखता येईल.