कुठं घावलं, मिस्त्री?

सकाळी बादलीत हात घातला तर दगडाऐवजी चिखल लागला. रात्री कोमट पाण्यात धुण्याची चिमूटभर पावडर टाकून मी त्यात लहान पाटाएवढा तपकिरी खडक बुडवून ठेवला होता. त्या खडकात रुतलेला वीतभराहून लांब, बंदुकीच्या गोळीसारखा निमुळता बेलेम्नाइट म्हणजे माझ्या संग्रहाचा दागिना. खडक विरघळून तळाशी बसला होता आणि दागिना त्या गाळात तीन तुकडे होऊन पडला होता. मधल्या तुकड्याचा करडा काप अंगठ्याने चाचपला आणि ओळख पटली. एम-सील.

माझं शिरूर अनंतपाळला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंपाची तडकलेली बॉडी आणि गळके सांधे यांना रोज एम-सील मळून लावणारा माणूस मी. तेच एम-सील मी 7,500 रुपये मोजून घरी आणलं आणि काचेच्या कपाटात ठेवून वर त्याला बल्ब लावला. आता हसू येतं. त्या दिवशी आलं नव्हतं.

दगडांचा नाद लागला तो धंद्यामुळेच. मोटार काढायला विहिरीवर गेलं की काठावर उपशाचा ढीग असतो. काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून निघालेल्या गारगोट्या, पांढऱ्या सुयांचे झुपके, कधी हिरवट खडे त्यात सापडतात. शेतकऱ्याला त्याचं काही नसतं, "न्या की मिस्त्री, पोतंभर न्या." पंधरा-वीस वर्षांत बेअरिंगची खोकी या दगडांनी भरली. खोकी वाढली तसा घरातला आवाजही वाढला, पण ते जाऊ द्या.

बेलेम्नाइट मात्र आमच्या मातीतला नव्हे. त्याच्याशी ओळख झाली ती भाच्यामुळे. तो कच्छात पवनचक्कीच्या कामावर होता. दिवाळीला आला तेव्हा वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून त्याने एक तुकडा आणला. करंगळीएवढा, मधाच्या रंगाचा, एका अंगाने बारीक खाच असलेला. "मामा, तिथं ओढ्यात असले लई पडलेत." तुटलेल्या टोकाकडून पाहिलं तर मध्यबिंदूपासून निघालेल्या बारीक रेघा आणि त्यांना छेदणारी वर्तुळं, आडव्या चिरलेल्या लिंबासारखी.

लातूरच्या एका महाविद्यालयातल्या सरांनी पुढचं समजावलं. हा एका समुद्री प्राण्याच्या शरीरातला भाग. कोकणात ज्याला म्हाकूळ म्हणतात त्याचा हा फार जुना भाऊबंद. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो ना, तोही अशाच एका नातेवाइकाच्या पाठीतला. बेलेम्नाइटच्या शेपटाकडे कॅल्साइटची भरीव कांडी असायची. मऊ शरीर कुजून जायचं, कांडी उरायची. कच्छात पंधरा-सोळा कोटी वर्षांपूर्वी समुद्र होता, म्हणून तिथे त्या सापडतात. आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्रामही याच गणगोतातला, हे ऐकून आमच्या घरी त्या तुकड्याला जरा मान मिळाला.

पहिली चूक मी त्या खऱ्या तुकड्याशीच केली. विहिरीवरच्या गारगोट्या बाथरूमच्या ॲसिडात टाकून घासायची माझी जुनी सवय. गारगोटीला ॲसिड काही करत नाही, गंज आणि चुना तेवढा निघतो. त्याच हाताने भाच्याचा तुकडाही टाकला. तो सोड्याच्या बाटलीसारखा फसफसला. अर्ध्या मिनिटात चिमट्याने बाहेर काढला, पण तोवर चकाकी गेली होती आणि ती बारीक खाच पुसट झाली होती. कॅल्साइट म्हणजे चुनखडीचाच सगा, ॲसिडात तो विरघळणारच. बेलेम्नाइटचा प्रकार ओळखताना खाच कुठे आहे आणि किती लांब आहे हे पाहतात, असं सर नंतर म्हणाले. तेव्हा पहिली गोष्ट सांगून ठेवतो. नवीन दगड घरी आला की त्याला साधं पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश, एवढंच लावा. आणि खडकासकट असेल तर पाणीसुद्धा आधी एका कोपऱ्यालाच लावून पाहा. मी उलटं केलं. खऱ्याला ॲसिडात घातलं, आणि खोट्याला वर्षभर पाण्याचा थेंब लागू दिला नाही.

करंगळीएवढा बिघडला, म्हणून मग मोठा हवा झाला. माणसाचं असंच असतं. एका मोठ्या शहरात खनिजांचं प्रदर्शन होतं, वाइंडिंगची तार आणायला गेलो होतो तेव्हा तिथे शिरलो. टेबलावर तो पाटाएवढा खडक उभा करून ठेवलेला, वरून पिवळा प्रकाश. "कच्छचा आहे काका, एवढा पूर्ण पीस परत दिसणार नाही." मी एकच प्रश्न विचारला, शेवटचा भाव किती. पावतीवर नुसतं 'शोभेची वस्तू' लिहिलं होतं. तेही मी गाडीत बसल्यावर वाचलं.

आमच्या तालुक्यात उजेडला प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास गांधीबाबांची यात्रा भरते. देवाची नव्हे, महात्मा गांधींची. त्या वर्षी ओळखीतल्या मास्तरांनी पोरांना दाखवायला म्हणून मला दगड मांडायला लावले. पोरं त्या मोठ्यावरच तुटून पडली. एक धोतरवाले आजोबा बराच वेळ वाकून बघत होते.

"कुठं घावलं, मिस्त्री?"

"कच्छात."

"कच्छात कुठं पर? वढ्यात, का डोंगरात, का हिरीत?"

मला सांगता येईना. आजोबा "बरं" म्हणून भेळेकडे वळले. मला मात्र ते लागलं. भाच्याच्या तुकड्याबद्दल मी निदान ओढा तरी सांगू शकलो असतो. घरी आल्यावर यात्रेतली धूळ धुवायची म्हणून बादली भरली. पाठीमागे खडक कसा आहे ते बघायचं, हेही मनात होतं.

खडक म्हणजे प्लास्टर, वाळू आणि डिंक. तीन तुकडे घेऊन मी आमच्या सराफाकडे गेलो. जी युक्ती सोन्याला चालते ती दगडालाही चालते, आणि ती घरीही करता येते. तुकडा आधी कोरडा तोलायचा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि तुकडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवायचा, तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही. काट्यावर जो आकडा येतो तेवढं पाणी त्याने बाजूला सारलं. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागायचं. टोकाचा तुकडा 38 ग्रॅम भरला, पाण्यातला आकडा 14. भागाकार 2.71, म्हणजे अस्सल कॅल्साइट. मधला 96 ग्रॅम, पाण्यातला आकडा 55, भागाकार पावणेदोनच्या आत. सराफ म्हणाले, "मिस्त्री, हे तर अर्धं बी सोनं न्हाई." वरचा तुकडा पुन्हा 2.7 च्या घरात. म्हणजे दोन टोकं खरी होती, पण दोन वेगळ्या प्राण्यांची. मधला सांधा माझ्या धंद्यातला.

घेताना काय पाहायला हवं होतं ते आता डोळ्यासमोर लख्ख आहे. रंग टोकाकडे मधाळ आणि मध्ये एकसारखा मंद होता. भिंगाखाली मधल्या भागात टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली असती. लगदा मळताना हवा अडकते, तिची ती भोकं. आमच्या पंपाच्या बॉडीवर ती रोज दिसतात. तुटीच्या जागी मध्यातून निघणाऱ्या रेघा असायला हव्यात. विक्रेत्याला तुटका नमुना मागा, तुटकाच चांगला, कारण त्याचं पोट दिसतं. नोटा तपासायचा निळा दिवा अंधारात फिरवला तर गोंदाची जागा बहुधा वेगळी चमकते. मात्र कॅल्साइटही कधी कधी चमकतो, म्हणून चमक आहे की नाही हे न पाहता ती कुठे बदलते ते पाहायचं. गरम सुई टोचून प्लास्टिकचा वास घ्यायचा उपाय काही जण सांगतात. दुसऱ्याच्या टेबलावरच्या वस्तूला सुई टोचणं मला तरी जमत नाही.

आणखी एक घोटाळा बाजारात नेहमी दिसतो. मोरोक्कोतून येणारे काळे-पांढरे, पॉलिश केलेले, कप्प्याकप्प्यांचे लांबट जीवाश्म बेलेम्नाइट म्हणून खपवले जातात. तो प्राणी वेगळा, आणि बेलेम्नाइटच्या कितीतरी कोटी वर्षं आधीचा. आडवे कप्पे दिसले की तो कांडीचा भाग नव्हे, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ. कप्पे बेलेम्नाइटलाही असतात, पण कांडीच्या रुंद टोकातल्या खळग्यात बसणाऱ्या शंकूला, आणि तो शंकू सहसा उरत नाही.

फसणारा मी एकटाच नाही, हा थोडा दिलासा. जर्मनीत होल्झमाडेन इथले पाटीसारखे काळे खडक फार नामांकित. तिथून अंगासकट, भुजांसकट बेलेम्नाइट आले म्हणून एके काळी मोठं कौतुक झालं होतं. 1979 साली दोन अभ्यासकांनी दाखवून दिलं की ते बनावट आहेत, एकाचं शरीर आणि दुसऱ्याची कांडी नीट जुळवून बसवलेली. मोठमोठ्या जाणकारांच्या डोळ्यांत धूळ गेली, तिथे पिवळ्या दिव्याखाली माझी काय कथा.

आमच्या पायाखालचं वेगळंच आहे. शिरूरच्या विहिरींतला काळा पाषाण म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा, आणि बेलेम्नाइट जगातून संपले तेही त्याच सुमारास. इथल्या काळ्या पाषाणातून बेलेम्नाइट निघाला असं कोणी सांगितलं तर तिथेच हात जोडून उठावं. आपल्याकडे मिळतं ते दुसरं. नागपूरकडे लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी सापडतात, तर चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरच्या लेंड्या मिळतात. आणि आमच्याच मांजरा नदीच्या जुन्या गाळात हत्ती, पाणघोडा, रानबैल यांची हाडं निघाली आहेत, त्यांच्यावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी काम केलं आहे. वाळू उपसताना असं हाड दिसलं तर उपटू नका. ते कोरडं पडलं की भुगा होतं, आणि कोणत्या थरात होतं ही गोष्ट त्याच्याबरोबर जाते. फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा, आणि जवळच्या महाविद्यालयाला कळवा. सिरोंच्याजवळच्या वडधमसारख्या जीवाश्म उद्यानातून तर खडासुद्धा खिशात घालायचा नाही. 2022 च्या डिसेंबरात केंद्राच्या खाण मंत्रालयाने भूवारशाच्या संरक्षणासाठी कायद्याचा मसुदा मांडला होता. कायदा असो नसो, विकत घेताना गावाचं नाव असलेली पावती मागावी. देत नसेल तर त्याला ते नाव माहीत नाही, किंवा सांगायचं नाही. दोन्हींत आपण पैसे खिशात ठेवावेत.

सरांनी नंतर एक गोष्ट सांगितली ती मात्र माझ्या मनातून जात नाही. 1951 साली शिकागोत हॅरॉल्ड युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या स्काय बेटावरची एक बेलेम्नाइटची कांडी घेतली. तिच्या वर्तुळांतून थोडी थोडी भुकटी काढून त्यांनी त्या काळच्या समुद्राचं तापमान मोजलं. थर बाहेरच्या बाजूने चढत जातात, झाडाच्या खोडासारखे. त्या प्राण्याने मोठं झाल्यावर तीन उन्हाळे आणि चार हिवाळे पाहिले, हे त्यांना वाचता आलं. सगळ्यात बाहेरचा थर म्हणजे त्याचा शेवटचा ऋतू.

म्हणजे भाच्याच्या तुकड्याचा शेवटचा ऋतू मी अर्ध्या मिनिटात बाथरूमच्या ॲसिडात घालवला.

मोठ्याचे तीन तुकडे दुकानात ठेवले आहेत, पोरांना एम-सील कसं ओळखायचं ते दाखवायला. काचेच्या कपाटात आता करंगळीएवढा आहे. भाच्याला फोन करून विचारून घेतलं, कोणत्या गावाच्या कोणत्या बाजूचा ओढा, वाळूत सुटा पडला होता की खडकात रुतलेला, कोणता महिना. चिठ्ठीवर ते सगळं लिहिलं आहे. खाली दुसऱ्या शाईत एक ओळ: हायड्रोक्लोरिक ॲसिड, अंदाजे 30 सेकंद, मिस्त्रीच्या हातून.