खेळाडूचा सल्लागार वैद्य : बलार्ध, पथ्य आणि निषिद्ध द्रव्ये

प्रस्तावना

मल्लविद्या आणि वैद्यक यांचे नाते महाराष्ट्रात नवे नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर याने रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. तालमीतील वस्तादाचा खुराक, मालीश व लेप यांविषयीचा सल्ला आजही अनेक गावांत वैद्याच्या सल्ल्याला समांतर चालतो. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळविले, ते याच परंपरेतून घडलेले मल्ल होते.

तथापि गेल्या पंचवीस वर्षांत क्रीडाक्षेत्राचे स्वरूप पालटले आहे. जिल्हा पातळीवरील धावपटू, कबड्डीपटू व कुस्तीगीर आता व्यायामशाळेतील प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ यांच्यासह वैद्याकडेही 'ताकदीचे औषध' मागण्यास येतात. काही वैद्यबंधू तर संघांचे तंदुरुस्ती सल्लागार म्हणून प्रत्यक्ष मैदानावर काम करीत आहेत. या कामात वैद्याला दोन मात्रा सांभाळाव्या लागतात : एक व्यायामाची आणि दुसरी द्रव्याची. पहिली चुकली तर खेळाडूचे शरीर बिघडते. दुसरी चुकली तर निरोगी शरीराचा खेळाडूही मैदानाबाहेर जातो. प्रस्तुत लेखात या दोहोंचा विचार केला आहे.

बलपरीक्षा

चरकाचार्यांनी बल त्रिविध सांगितले आहे : सहज, कालज व युक्तिकृत. सहज बल जन्मतः लाभते, कालज बल वय व ऋतू यांच्या अधीन असते. आहार व व्यायाम यांच्या योजनेने वाढते ते युक्तिकृत बल. सल्लागाराचे सारे कार्यक्षेत्र या तिसऱ्या प्रकारात सामावते. विमानस्थानातील दशविध परीक्षेत व्यायामशक्तीची परीक्षा स्वतंत्र सांगितली आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे. खेळाडू प्रथम आला म्हणजे प्रकृती, सार, अग्नी, निद्रा, पूर्वीच्या दुखापती आणि घेत असलेली सर्व औषधे व पूरक आहार यांची लेखी नोंद करावी. कुटुंबात तरुणपणी आकस्मिक मृत्यू झाल्याचा इतिहास, व्यायाम करताना मूर्च्छा किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही आढळल्यास हृदयरोगतज्ज्ञाच्या तपासणीशिवाय व्यायामास अनुमती देऊ नये.

अर्धशक्तीचा अर्थ

व्यायाम अर्धशक्तीने करावा हा शास्त्रादेश सर्वांस परिचित आहे. हृदयस्थ वायू मुखावाटे बाहेर पडू लागणे, म्हणजेच तोंडाने श्वास घ्यावा लागणे, तसेच काख, कपाळ, नाक व सांधे या ठिकाणी घाम येणे आणि तोंडास कोरड पडणे ही बलार्धाची लक्षणे संहिता व टीकाग्रंथांतून मिळतात. सुश्रुत सर्व ऋतूंत अर्धबलाने व्यायाम सांगतो, तर वाग्भट शीतकाल व वसंत वगळता इतर काळी त्याहूनही कमी सांगतो.

येथे शंका उद्भवते. स्पर्धक खेळाडूला तर पूर्ण शक्ती लावावीच लागते. मग हा नियम त्याला कसा लागू करावा? याचे उत्तर दोन अंगांनी देता येते. पहिले असे की, बलार्ध हे स्थिर माप नाही. आज दोन किलोमीटरमध्ये ज्याला बलार्धाची लक्षणे दिसतात, त्यालाच क्रमवार अभ्यासाने काही महिन्यांनंतर ती पाच किलोमीटरवर दिसतील. दुसरे असे की, स्पर्धा हा दिनचर्येतील व्यायाम नव्हे. पूर्ण शक्तीचे दिवस मोजके असावेत आणि त्यांच्या पाठोपाठ विश्रांती असावी. उरलेल्या बहुतांश दिवसांचा सराव बलार्धाच्या आसपास राहावा. लांब पल्ल्याच्या धावपटूंचे आधुनिक प्रशिक्षणही बव्हंशी याच धर्तीवर आखले जाते.

मोजमापासाठी एक सोपी रीत उपयोगी पडते. सराव संपल्यावर खेळाडूने आपले श्रम ० ते १० या श्रेणीत सांगावेत व त्या अंकास सरावाच्या मिनिटांनी गुणावे. साठ मिनिटांचा सराव व श्रेणी ६ असेल तर भार ३६० होतो. आठवड्याची बेरीज एकाएकी वाढत असेल तर प्रशिक्षकास सावध करावे. सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी काही दिवस सलग नेहमीपेक्षा ८ ते १० ठोक्यांनी अधिक येणे, निद्रानाश, अरुची व चिडचिड ही अतिव्यायामाची चिन्हे समजावीत. तृष्णा, क्षय, प्रतमक, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर व छर्दी ही अतिव्यायामजन्य व्याधींची मालिका आपण पाठ केलेली असते. मैदानावर ती अशा लहान चिन्हांनी सुरू होते. अशा वेळी बल्य औषध वाढविण्याऐवजी भार कमी करावा. कठोर सरावानंतर लघवी चहासारखी गडद झाल्यास स्नायू विघटनाचा धोका असतो. रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

महिला खेळाडूंची मासिक पाळी तीन महिने बंद राहिल्यास 'सराव चालू आहे, म्हणून असे होते' असे समजून दुर्लक्ष करू नये. बहुधा श्रमाच्या मानाने अन्न अपुरे पडत असते. गर्भधारणा व अन्य कारणे वगळून प्रथम आहार वाढवावा व स्त्रीरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

आहार, जल व ऊष्मा

सराव करणाऱ्या खेळाडूस दर किलो वजनामागे प्रतिदिनी १.२ ते २ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. दूध, डाळी, अंडी, मांस, शेंगदाणे यांतून ती बहुधा मिळतात. पहिलवानी खुराकातील तूप व बदाम उत्तमच आहेत. परंतु त्यांचे प्रमाण अग्नीच्या बलावर ठरवावे. वजनगटासाठी स्पर्धेच्या तोंडावर पाणी तोडणे, घाम काढणे किंवा विरेचन देणे सर्वथा टाळावे. वजन काही आठवड्यांच्या अवधीत उतरवावे.

एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ व मराठवाड्यातील मैदानांवर दुपारचा सराव नसावा. उन्हाची सवय होण्यास १० ते १४ दिवस लागतात. सरावापूर्वी व नंतर वजन करावे; घटलेल्या प्रत्येक किलोमागे १ ते १.५ लिटर द्रव हळूहळू द्यावे. खेळाडू असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली आणि अंग तापले, तर तो श्रमजन्य उष्माघात समजून जागेवरच थंड पाण्यात बसवून किंवा बर्फाच्या ओल्या कापडांनी अंग गार करण्यास आरंभ करावा. रुग्णवाहिका तोवर बोलवावी.

नव्या मुरगळीवर पहिले दोन-तीन दिवस मर्दन व स्वेदन करू नये. थंड शेक, पट्टबंधन व विश्रांती द्यावी. पाय टेकवत नसल्यास क्ष-किरण तपासणी करावी. डोक्यास मार लागून क्षणभरही गोंधळ झाला, तर त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये.

निषिद्ध द्रव्ये

आता अधिक नाजूक विषयाकडे वळू. जागतिक उत्तेजकद्रव्य-विरोधी संस्था १९९९ मध्ये स्थापन झाली, भारताची राष्ट्रीय संस्था (नाडा) २००५ मध्ये, आणि राष्ट्रीय उत्तेजकद्रव्य-विरोधी अधिनियम २०२२ मध्ये संमत झाला. निषिद्ध द्रव्यांची यादी दरवर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते. खेळाडूच्या शरीरात जे आढळेल त्यास खेळाडू स्वतः जबाबदार असतो. 'औषध आयुर्वेदिक होते', 'नैसर्गिक होते' किंवा 'मला ठाऊक नव्हते' हे म्हणणे दोष टाळू शकत नाही, फार तर शिक्षेचा विचार करताना ऐकले जाते. यादी रेणूवरून ठरते. तो वनस्पतीतून आला की कारखान्यातून, याचा विचार होत नाही.

वैद्यांनी पुढील द्रव्ये विशेष ध्यानात ठेवावीत :

१. कुपीलु (विषतिंदुक) : यातील स्ट्रिक्नीन स्पर्धाकाळात निषिद्ध उत्तेजक आहे. विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी यांसारखे कल्प खेळाडूस देऊ नयेत.
२. सोम (एफेड्रा) : श्वासरोगात वापरली जाणारी वनस्पती. मूत्रात एफेड्रीन दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळल्यास दोष सिद्ध होतो. बला या वनस्पतीतही एफेड्रीन गटातील अल्कलॉइड अल्प प्रमाणात असल्याच्या नोंदी आहेत. म्हणून स्पर्धेच्या काळात बलेचे आभ्यंतर प्रयोग जपून करावेत.
३. विजया (भांग) : स्पर्धाकाळात निषिद्ध. जातीफलादि चूर्ण, मदनानंद मोदक यांत ती असते. तिचे अंश मूत्रात अनेक दिवस टिकतात. त्यामुळे 'स्पर्धेपूर्वी बंद केले' एवढे पुरेसे नाही.
४. अहिफेन : मॉर्फीनमुळे स्पर्धाकाळात निषिद्ध. कर्पूर रस, अहिफेनासव टाळावेत.
५. हायजेनामाइन : हे द्रव्य सर्वकाळ निषिद्ध आहे. कमळ, सीताफळ व वत्सनाभाच्या कुळातील काही जातींत ते आढळते. अन्न म्हणून घेतलेल्या पदार्थांपेक्षा सत्त्वे व घन यांबाबत अधिक सावध राहावे.
६. कस्तुरी : २०११ च्या महिला फुटबॉल विश्वचषकात उत्तर कोरियाच्या पाच खेळाडूंच्या नमुन्यांत स्टेरॉइड आढळले. कस्तुरीमृगाच्या ग्रंथीचे पारंपरिक औषध दिल्याचा खुलासा संघाने केला, तरीही कारवाई झाली. शिवाय आपल्याकडे कस्तुरीमृग वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

स्पर्धाकाळ हा सर्वसाधारणपणे स्पर्धेच्या आदल्या दिवशी रात्री ११.५९ पासून मोजतात. याखेरीज शिरेतून बारा तासांत १०० मिलिलिटरहून अधिक द्रव देणे हेही रुग्णालयातील आवश्यक उपचारांसारखे अपवाद वगळता सर्वकाळ निषिद्ध आहे. थकवा घालविण्यासाठी 'सलाईन लावून देणे' ही प्रथा खेळाडूंच्या बाबतीत त्वरित थांबवावी. व्याधीसाठी निषिद्ध द्रव्य अपरिहार्य असेल तर खेळाडूने उपचारार्थ सूट मिळविण्यासाठी रीतसर अर्ज करावा.

अश्वगंधा, शतावरी, आमलकी ही द्रव्ये यादीत नाहीत. तथापि द्रव्य शुद्ध असणे व बाटली शुद्ध असणे यांत अंतर आहे. २०११ साली भारतीय महिलांच्या ४ × ४०० मीटर पथकातील धावपटूंच्या नमुन्यांत ॲनाबॉलिक स्टेरॉइड आढळली. जिनसेंगच्या गोळ्यांमधून ती आली असे त्यांचे म्हणणे होते. देशातील समितीने दिलेली एक वर्षाची बंदी क्रीडा लवादाने जुलै २०१२ मध्ये दोन वर्षांची केली. धावपटूच्या उमेदीच्या काळातील दोन वर्षे म्हणजे एक ऑलिंपिक हुकणे होय.

वैद्याचीही जबाबदारी या नियमांत येते. खेळाडूवर उपचार करणारी प्रत्येक व्यक्ती 'सहायक' या संज्ञेत मोडते. निषिद्ध द्रव्य खेळाडूस दिल्याचा दोष ठरल्यास २०२१ च्या जागतिक संहितेनुसार किमान चार वर्षे ते आजीवन बंदी होऊ शकते.

फार्मसीधारकांसाठी

१. लेबलवर सर्व घटक व त्यांचे प्रमाण नोंदविणे हे कायद्याने बंधनकारक आहेच. खेळाडूंसाठी तेच संरक्षक कवच ठरते. 'गुप्त योग' खेळाडूस विकू नये.
२. विषतिंदुक, भांग, अहिफेन इत्यादी ई-१ अनुसूचीतील द्रव्ये ज्या खलात किंवा यंत्रात कुटली जातात, त्यात बल्य चूर्णे करू नयेत; करावीच लागल्यास शुद्धीची लेखी नोंद ठेवावी.
३. बाहेरून घेतलेली सत्त्वे व तयार चूर्णे तपासणीविना वापरू नयेत. वजनवाढीच्या व सांधेदुखीच्या चूर्णांत डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड मिसळण्याचा गैरप्रकार आपल्या व्यवसायास कलंक आहे.
४. तपासणी केल्याविना 'खेळाडूंसाठी सुरक्षित' असे छापू नये. प्रत्येक घाणीचा नमुना जपून ठेवावा.

उपसंहार

खेळाडूस औषध देताना घटकांची नावे लिहिलेले पत्र द्यावे, त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि शंका असल्यास औषध न देता पथ्य सांगावे. निद्रा, वेळेवरचे अन्न, अभ्यंग व क्रमवार व्यायाम यांचा कोणत्याही यादीत निषेध नाही आणि युक्तिकृत बलाचा मोठा वाटा त्यांतूनच मिळतो. पुडी न बांधता खेळाडूस परत पाठविण्याचे धैर्य ज्या वैद्याजवळ आहे, त्याच्या शब्दावर संघाने विश्वास ठेवावा. हा विश्वास आपण प्रत्येकाने आपापल्या गावच्या मैदानावर कमवावा, हीच अपेक्षा.