टाचलेले दोन फॉर्म

भोसरीच्या कारखान्यात मी अकाउंट्सला होते, तेव्हा माझ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात फॉर्म १९ आणि फॉर्म १०सी एकमेकांना टाचून ठेवलेले असायचे. १९ म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे काढायचा, १०सी पेन्शनच्या हिश्श्याचा. कुणी नोकरी सोडली की हिशेबाच्या वेळी गठ्ठ्यातला एक जोड काढायचा, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारायच्या आणि पुढे सरकवायचा. त्याच कपाटात खाली फॉर्म १३ होता, जुना फंड नव्या कंपनीत नेण्याचा. तो कुणी मागत नसे, आणि मीही कुणाला सांगितलं नाही. माझी वेळ आली तेव्हा मीसुद्धा वरचाच जोड काढला.

१९८६ मध्ये बाविसाव्या वर्षी मी पहिल्या नोकरीला लागले. १९९३ च्या डिसेंबरात ती सोडली तेव्हा फंडाचे १९,४०० रुपये हातात आले. नणंदेचं लग्न तोंडावर होतं आणि घरात कलर टीव्ही नव्हता. दुसरी नोकरी २००३ मध्ये सुटली, त्या वेळी ६२,००० मिळाले. १०सीचे पस्तीस-छत्तीस हजार वेगळे. त्यातून स्वयंपाकघराचा ओटा झाला, बाल्कनीला ग्रिल लागलं. बाकीचे कुठे गेले ते आज आठवतही नाही. घर नवऱ्याच्या पगारावर चाले, माझा पगार वरखर्चाला. माझा फंड हीसुद्धा वरखर्चाचीच रक्कम, असं सगळ्यांनी धरलं होतं आणि मीही. माझ्या वयाच्या कितीतरी बायकांचं हेच झालं आहे.

निवृत्त झाल्यावर एका दुपारी मी कागद घेऊन बसले. फंडावर त्या काळात १२ टक्के व्याज होतं, २००० सालापर्यंत. पुढे ते साडेनऊवर आलं, मग साडेआठच्या आसपास राहिलं. दर वर्षी जाहीर झालेला दर घालत २०२२ पर्यंत आले. ते १९,४०० अडीच लाखांच्या वर गेले असते. ६२,००० चे तीन लाखांच्या आसपास झाले असते. नंतर एक पैसाही न भरता, केवळ फॉर्म १३ भरला असता तर! आकडेमोड मी दोनदा तपासली. आयुष्यभर दुसऱ्यांची व्याजं काढली, पण हे गणित करायला मला अठ्ठावन्नावं वर्ष उजाडावं लागलं.

पेन्शनचं दुखणं याहून खोल आहे, कारण ते फार थोड्यांना कळतं. मालकाच्या १२ टक्क्यांमधले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, तेही ठरावीक पगारावर. २०१४ च्या ऑगस्टपर्यंत ही मर्यादा ६,५०० होती, सप्टेंबरपासून १५,००० झाली. पेन्शन निघतं ते पगार गुणिले सर्व्हिसची वर्षं भागिले ७०, या हिशेबाने. म्हणजे तुमच्या हातात खरी राहते ती वर्षांची संख्या. १० वर्षं पुरी झाल्याशिवाय महिन्याचं पेन्शन नाही, आणि २० पुरी झाली तर दोन वर्षं वाढवून धरतात. मी १०सी भरून आठ वर्षं विकून टाकली. शेवटच्या कंपनीतली अठराच उरली. आज मला महिन्याला २,६०२ रुपये येतात. ती आठ वर्षं जोडलेली असती, त्यावर वाढीव दोन मिळाली असती, तर आणखी सुमारे हजार रुपये आले असते, जिवंत असेपर्यंत दर महिन्याला. ते पस्तीस-छत्तीस हजार या हजाराने तीन वर्षांत भरून निघाले असते.

आणि त्याच १०सीवर ‘पैसे नकोत, स्कीम सर्टिफिकेट द्या’ असा पर्याय असतो. ते सर्टिफिकेट पुढच्या कंपनीत दिलं की जुनी वर्षं नव्यांना जोडली जातात. मी ती ओळ शेकडो वेळा पाहिली आहे.

प्रेस शॉपमधला एक हेल्पर अजून डोळ्यांसमोर येतो. नऊ वर्षं दोन महिने झालेले. गावाकडे बहिणीचं लग्न होतं, शिवाय चाकणला नवी नोकरी ठरली होती. ‘ताई, लवकर निघतील ना पैसे?’ एवढंच त्याने विचारलं. मी फुल्या मारून दिल्या. नव्या कंपनीत काही महिने भरले असते तर त्याची दहा वर्षं झाली असती. मी हे त्याला सांगायला हवं होतं. माझ्यावर कुणी ते काम सोपवलेलं नव्हतं, पण त्या खोलीत हे माहीत असणारी मी एकटीच होते.

म्हणून आता सांगते. वयाच्या विशीत आहात, दोन-तीन वर्षांनी नोकऱ्या बदलत आहात, तर बचत किती करायची याआधी एकच गोष्ट पक्की करा: फंड काढायचा नाही, न्यायचा. २०१४ पासून प्रत्येकाला यूएएन, म्हणजे फंडाचा एकच कायमचा नंबर, आहे, आमच्यासारख्या खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच वर्षं सलग झाली नसताना काढलात तर करही लागू शकतो. जुन्या आणि नव्या कंपनीत नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि आधार जुळतंय का ते लागल्या लागल्या बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी तर पहिल्याच आठवड्यात.

पस्तिशी-चाळिशीत पगार वाढतो आणि खर्च त्याच्या पुढे धावतो. पगारवाढीचं पत्र आलं की त्याच दिवशी ऑफिसला सांगून आपल्या बाजूचा फंडाचा टक्का वाढवून घ्या. हातात न आलेल्या पैशाची सवय लागत नाही. बायकोच्या किंवा स्वतःच्या नावाने पीपीएफ उघडा. १५ वर्षांची मुदत ऐकून लोक मागे सरतात, पण चाळिशीत उघडलेलं खातं पंचावन्न-छप्पन्नाला हाताशी येतं, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवताही येतं. पाचशे रुपयांनी वर्ष चालू राहतं. मी ते कधीच उघडलं नाही.

याच वयात मुलांच्या फीचा प्रश्न येतो. २०१३ मध्ये मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी मी फंडातून पुन्हा काढले, परत न भरण्याचे. तो शिकला याचं समाधान मोठं आहे. पण शैक्षणिक कर्ज मिळत होतं, नोकरी लागल्यावर त्याने आनंदाने फेडलं असतं. ‘आई, मला तेव्हा सांगितलं का नाहीस?’ असं त्याने नंतर विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोरावर कर्ज नको म्हणून आपण पुंजी मोडतो, आणि मग म्हातारपणी त्याच्याकडेच बघावं लागतं.

पन्नाशीत आरोग्य विम्याचं बघा, आणि कंपनीच्या पॉलिसीवर विसंबू नका. माझी तर निवृत्तीच्या दिवशीच संपली. चौदा महिन्यांनी यांचं बायपास झालं. उरलेला फंड तिथे गेला. स्वतःची पॉलिसी शरीर धडधाकट असताना घ्यायची, कारण आधीच्या आजारांना काही वर्षं थांबावं लागतं. साठीनंतर हाती रक्कम राहिली तर पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना आमच्यासारख्यांना बरी, दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात येतं.

गेल्या वर्षी सुनेने हिंजवडीतली कंपनी बदलली. ‘आई, जुना फंड काढून गाडीचं डाउन पेमेंट करू का?’ म्हणाली. मी माझा तो कागद तिच्यासमोर ठेवला. बराच वेळ बघत राहिली. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघींनी मिळून तिचा ट्रान्स्फरचा अर्ज भरला. तीन आठवड्यांनी ती घाबरून आली. पासबुकात जुन्या फंडाची रक्कम पुढे आली होती, पण पेन्शनच्या रकान्यात शून्य. मी तिला सांगितलं, ‘अगं, तिथे पैसे दिसत नाहीत, तिथे वर्षं पुढे जातात.’ मग सर्व्हिस हिस्टरी उघडून दाखवली. दोन्ही कंपन्या एकाखाली एक होत्या, आणि मध्ये कुठेही खंड नव्हता.