छर्ऱ्याची बंदूक : जपणूक आणि जबाबदारी



आमच्या घरी वडिलांची छर्ऱ्याची बंदूक, म्हणजे एअर रायफल होती. मी आठवीत असताना ‘रिकामीच आहे’ असे समजून चाप ओढला. छर्रा धाकट्या बहिणीच्या डोक्यावरून जाऊन भिंतीत रुतला. वडील ओरडले नाहीत. त्यांनी मला समोर बसवून बंदूक कशी चालते ते समजावले. तोच धडा आज तुमच्यासाठी.

नळी वाकवली की आतली जाड स्प्रिंग दबते. चाप ओढताच ती दट्ट्याला पुढे ढकलते, हवा दाबली जाते आणि ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो. नळीत छर्रा असला की हवा क्षणभर अडते व दट्ट्याला गादीसारखा आधार देते. छर्रा नसेल तर हवा निसटते, दट्ट्या जोरात आदळतो. स्प्रिंग आणि वॉशर खराब होतात. म्हणजे ‘रिकामी आहे’ म्हणून चाप ओढणे माणसाला जितके धोक्याचे, तितकेच बंदुकीलाही.

लक्षात ठेवा :

१. बंदूक नेहमी भरलेलीच समजावी. नळी कोणाकडेही रोखू नये.
२. छर्रा भरताना नळी घट्ट धरावी. निसटल्यास बोटे चेंगरतात.
३. स्प्रिंग दाबून ठेवू नये. ती ढिली पडते.
४. दट्ट्याच्या भागात कोणतेही तेल ओतू नये. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटते.
५. घामाने गंज चढतो. वापरानंतर किंचित तेलकट कापडाने पुसावी.
६. छर्रे शिशाचे असतात; नंतर साबणाने हात धुवावेत.
७. नेम कागदी लक्ष्यावरच धरावा, तोही डोळ्यांना चश्मा लावून. पशुपक्ष्यांवर कधीही नाही.

२००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी १० मीटर एअर रायफलमध्ये भारताला ऑलिंपिकचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. या प्रकारात लक्ष्याचा मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तो साधायला ताकद नव्हे, शिस्त लागते.

पालकांना विनंती : घरी अशी बंदूक असल्यास ती कुलपात ठेवा, छर्रे वेगळे ठेवा आणि मुलांच्या हाती ती एकटी देऊ नका.

वडिलांची ती बंदूक आजही माझ्याकडे आहे. वॉशर बदलले, स्प्रिंग बदलली. पण नेम अजून चुकत नाही. भिंतीतले ते भोक मात्र वडिलांनी कधी बुजवू दिले नाही.