मंगळाच्या मातीतला शोध

(सजीवांचे शरीर सेंद्रिय पदार्थांचे बनलेले असते. असे पदार्थ मंगळावर आहेत का, हे शास्त्रज्ञांनी कसे शोधले, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, साखर तव्यावर तापवली तर काय होते? ती आधी वितळते, मग तपकिरी होते आणि शेवटी काळी पडते. रोटी करपली किंवा दूध जळले, तरीही काळा थर उरतो. त्यात मुख्यतः कार्बन असतो. कार्बनच्या अणूंना हायड्रोजनसारखे दुसरे अणू जोडले गेले, की सेंद्रिय पदार्थ तयार होतात. आपले शरीर, आपले अन्न, झाडांची पाने यांत असेच पदार्थ असतात.

पृथ्वीबाहेर असे पदार्थ आहेत का? होय. १९६९ साली ऑस्ट्रेलियातील मर्चिसन या गावी आकाशातून दगड पडले. त्यांत अमिनो आम्ले सापडली. प्रथिने अमिनो आम्लांपासूनच बनतात. पण त्या दगडांत जीव नव्हता. म्हणून लक्षात ठेवा, सेंद्रिय पदार्थ सापडले म्हणजे जीव सापडला असे नाही. विटा दिसल्या म्हणजे घर दिसले, असे आपण म्हणतो का?

आता मंगळाकडे वळू. उर्दूत तुम्ही ज्याला मिर्रीख म्हणता, तोच हा ग्रह. १९७६ साली अमेरिकेची व्हायकिंग नावाची दोन याने तेथे उतरली. त्यांनी माती उचलून लहानशा भट्टीत ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली आणि निघालेले वायू तपासले. त्यांत क्लोरीन असलेले दोन सेंद्रिय पदार्थ अगदी थोडे मिळाले. पण यानाचे भाग पृथ्वीवर स्वच्छ करताना क्लोरीनयुक्त द्रव वापरले होते. हे पदार्थ त्यांतूनच आले असावेत, असे शास्त्रज्ञांना वाटले. मंगळाच्या मातीत सेंद्रिय पदार्थ नाहीत, असे ठरले. अनेकांचा उत्साह मावळला. त्यानंतर १९९७ सालापर्यंत एकही यान मंगळावर सुखरूप उतरून काम करू शकले नाही.

२००८ साली फिनिक्स यान मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळ उतरले. त्याला मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले. हे क्षार थंड असताना शांत असतात. तापले, की त्यांतून ऑक्सिजन बाहेर पडतो. असाच एक क्षार अग्निबाणाच्या इंधनात वापरतात! मग जवळच्या सेंद्रिय पदार्थांचे काय होणार? ते जळून जाणार.

मेक्सिकोचे शास्त्रज्ञ राफाएल नवारो-गोन्सालेस यांनी हे तपासून पाहिले. दक्षिण अमेरिकेतील अटाकामा वाळवंटाची माती त्यांनी घेतली, तिच्यात परक्लोरेट मिसळले आणि ती तापवली. व्हायकिंगला मिळालेले तेच दोन पदार्थ बाहेर आले! २०१० साली हे प्रसिद्ध झाले आणि जुन्या कोड्याचा उलगडा होऊ लागला. ज्या भट्टीत पुरावा शोधायचा, त्याच भट्टीत तो जळून गेला असावा.

२०१२ साली क्युरिऑसिटी ही गाडी मंगळावर उतरली. तिने एका प्राचीन सरोवराच्या तळाचा खडक खणला. तो सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. शास्त्रज्ञांनी या वेळी ५०० अंशांच्या पुढे निघणारे वायू पाहिले. तोवर परक्लोरेटमधला ऑक्सिजन निघून गेलेला असतो. त्या वायूंत सेंद्रिय पदार्थ मिळाल्याचे २०१८ साली जाहीर झाले. २०२५ साली तर दहा, अकरा आणि बारा कार्बन अणूंच्या साखळ्या सापडल्याचे कळले. तेथे कधी जीव होता का, हे मात्र यावरून सांगता येत नाही.

मित्रांनो, 'सापडले नाही' आणि 'तेथे नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा एखादा प्रयोग फसला, तर निराश होऊ नका. आधी शोधण्याची रीत तपासून पाहा.

शब्दार्थ
करपणे – जास्त तापून काळे पडणे
अग्निबाण – रॉकेट
कोडे – न सुटलेला प्रश्न
उलगडा होणे – नीट समजणे
रीत – पद्धत

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मर्चिसनच्या दगडांत काय सापडले?
(आ) फिनिक्स यानाला कोणते क्षार सापडले?
२. कारण लिहा : व्हायकिंगला मिळालेले पदार्थ मंगळावरचे आहेत, असे शास्त्रज्ञांना वाटले नाही.
३. वाक्यात उपयोग करा : उत्साह मावळणे, उलगडा होणे.