दुकानाच्या कॉम्प्युटरवर बीटा विंडोज टाकायची का?

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा मुद्दा इथे नीट लिहितोय. नागभीडसारख्या तालुक्याच्या गावी ऑनलाइन सेवा केंद्र टाकायचं म्हटलं की सुरुवातीला बहुतेक एकच कॉम्प्युटर असतो. मग कुणी मित्र म्हणतो, "इन्सायडर प्रोग्राम जॉइन कर, विंडोजचे नवे फीचर सगळ्यांच्या आधी मिळतात, तेही फुकट."

फुकट मिळतात हे खरं. पण का मिळतात? कारण चुका शोधायचं काम तुम्ही करताय. डेव्ह चॅनेल म्हणजे काम चालू असलेलं व्हर्जन. नागभीडकरांना हे वेगळं सांगायला नको. नागपूरची नॅरोगेज 2019 मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद केली, कारण काम चालू असलेल्या रुळावरून प्रवासी नेत नाहीत.

आता तुमचा धंदा बघा. ई-केवायसीला अंगठ्याचं मशीन, सोबत प्रिंटर, स्कॅनर, कुणाकडे डिजिटल सहीचा टोकन. हे सगळं ड्रायव्हरवर चालतं, आणि कंपन्या ड्रायव्हर तपासतात ते पक्क्या व्हर्जनवर. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला अंगठाच घेतला नाही तर? समजा दिवसाला 40 फॉर्म, फॉर्ममागे 30 रुपये. 1,200 गेले. पण धान लावणी सोडून खेड्यावरून आलेला शेतकरी परत गेला, तो पुढच्या वेळी शेजारच्या दुकानात जाणार. याचा हिशोब कुठल्या वहीत मांडाल?

परत फिरणंही सोपं नाही. डेव्हमधून नेहमीच्या विंडोजवर यायला बहुतेक वेळा सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं. अँड्रॉइड बीटाचंही तसंच, सोडताना सहसा फोन कोरा होतो. ज्या फोनवर युपीआयचे पैसे येतात त्यावर हा खेळ नकोच.

"पण सर, विंडोज 10 चा सपोर्ट तर 14 ऑक्टोबर 2025 ला संपला!" बरोबर. त्यावर उपाय बीटा नाही. मशीनमध्ये टीपीएम 2.0 असेल आणि प्रोसेसर चालत असेल तर पक्कं विंडोज 11 टाका. नसेल तर मायक्रोसॉफ्टचे वाढीव सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहेत, तेवढ्यात नव्या मशीनचे पैसे जमवा. उबुंटूची एलटीएस आवृत्तीही चांगली, पण अंगठ्याचं मशीन त्यावर चालतं का हे विक्रेत्याला आधी विचारा.

शिकायची हौस असेल, सॉफ्टवेअर बनवायचं असेल, तर बीटा जरूर चालवा. घरच्या जुन्या लॅपटॉपवर, किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये. ग्राहकाची एकही फाइल त्यात नको.

आणि सेकंडहँड मशीन घेतलं असेल तर आजच सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, मग विंडोज इन्सायडर प्रोग्राम उघडून बघा. आधीच्या मालकाने चालू ठेवलेलं असू शकतं.